कंडेन्सर चांगला आहे

होळी झाली, थंडीभर गप्प बसलेले पंखे पुन्हा सुरू झाले, की पिंपरी-चिंचवडच्या जुन्या सोसायट्यांमध्ये एका विशिष्ट प्रकारचे गृहस्थ जिन्यात दिसू लागतात. वय पासष्टच्या पुढे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायांत रबरी सपाता, वरच्या खिशात पेन, चष्मा आणि टेस्टर. पेन बँकेतली स्लिप भरायला लागतं, चष्मा ती वाचायला. टेस्टर कशाला, हे विचारायचं नसतं. लग्नाला जातानाही तो खिशात असतो, आणि कार्यालयातला एखादा पंखा डुलताना दिसला तर मंगलाष्टकं संपेपर्यंत यांची नजर वधूवरांवर नसून छतावर असते. 'सावधान' हा शब्द अख्ख्या हॉलमध्ये एकट्या त्यांनीच मनावर घेतलेला असतो.

यांना सगळे 'काका' म्हणतात. आडनाव तळमजल्यावरच्या पाटीवर आहे, पण त्याचा उपयोग फक्त कुरिअरवाल्याला.

आमच्या बिल्डिंगमधले काका पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झाले. "होतो कंपनीत," एवढंच ते सांगतात आणि ऐकणारा समजून घेतो की मशीनवर असतील. काका त्याचा समज मोडत नाहीत. प्रत्यक्षात ते स्टोअर्समध्ये होते, आणि हा फरक बारीक नाही. मशीनवरच्या माणसाला पार्ट बसवता येतो. स्टोअर्समधल्या माणसाला पार्टचा नंबर पाठ असतो. छताच्या पंख्यात बहुतेक वेळा ६२०२ आणि ६२०१ नंबरची बेअरिंग असतात, हे काका झोपेतही सांगतील. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की बेअरिंगचं आतलं भोक किती मिलिमीटरचं ते कळतं, हा नियमही ते सोसायटीतल्या प्रत्येक मुलाला एकदा तरी शिकवतात. मूल हुशार असलं तर लगेच म्हणतं, "म्हणजे ६२०२ चं दहा?" मग काका समाधानाने म्हणतात, "चुकलास! पंधरा. शून्य-शून्य ते शून्य-तीनला हा नियम नाही." आणि पंख्यात नेमकी तीच असतात. जो नियम पंख्याला लागू पडत नाही तो पंख्याखाली उभं राहून का शिकवायचा, असं मूल विचारत नाही. आपल्याकडच्या शाळांची शिस्त अशा वेळी उपयोगी पडते.

स्टोअर्समधल्या माणसाला दुरुस्तीचा नाद लागला कसा, याचं कारण औद्योगिक आहे. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. बाकी जग रविवारी घरी असतं, काका गुरुवारी असत. काकू शाळेत शिकवायला, मुलं शाळेत शिकायला, शेजारी ऑफिसला. घरात एकटे काका आणि विजेवर चालणाऱ्या वस्तू. मिक्सर, इस्त्री, रेडिओ, पंखा. उभी नोकरी गुरुवारामागून गुरुवार त्यांनी या वस्तू उघडल्या. त्यात पुण्याकडे देखभालीसाठी वीज बंद ठेवायची ती बहुधा गुरुवारीच, त्यामुळे शॉकचा धोकाही बेताचा. अडवायला घरात कोणी नाही आणि बोर्डात लाईट नाही, एवढ्या दोन सोयींवर काकांचं तांत्रिक शिक्षण पूर्ण झालं.

काकांची थट्टा करताना एक मान्य करावं लागतं: त्यांचे प्रश्न बरोबर असतात. कोपऱ्यावरच्या दुकानात पंखा नेला तर दुकानदार वर न बघता "वाइंडिंग जळलंय" म्हणून मोकळा होतो, कारण वाइंडिंगमध्ये पैसे आहेत. काका तसं करत नाहीत. दारातच त्यांची चौकशी सुरू होते. "वहिनी, आवाज येतो? खट-खट की घर्र? जळका वास? लाईटचं व्होल्टेज संध्याकाळी उतरतं का तुमच्याकडे?" मग ते मेन बंद करायला लावतात आणि टेबलावर चढून पातं हाताने फिरवतात. सैल फिरलं तर बेअरिंग शाबूत. जड फिरलं किंवा आतून वाळू रगडल्याचा आवाज आला तर ग्रीस वाळलेलं. रेग्युलेटर बाजूला काढून पंखा डायरेक्ट जोडून बघतात. दिवाळीच्या सफाईत कोणी पात्याला लटकून जळमटं काढली का, हेही विचारतात, आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून खरं-खोटं ओळखतात. वाकलेलं पातं ओळखायला ते मोजपट्टीचं एक टोक छताला लावतात, दुसरं पात्याच्या टोकाला. तिन्ही पात्यांचं माप सारखं आलं पाहिजे.

सगळ्यात प्रेक्षणीय ती झाडूची चाचणी. नुसता गुणगुणणारा, पण जागचा न हलणारा पंखा असला की काका जळमटांचा लांब झाडू मागवतात. या मोटरची अडचण अशी की तिला फिरायचं असतं, पण कुठल्या बाजूला ते तिचं तिला ठरवता येत नाही. ते ठरवायला आत दुसरं वाइंडिंग असतं आणि त्याच्या जोडीला कंडेन्सर. हा बोटभर उंचीचा डबा त्या वाइंडिंगमधल्या करंटची वेळ थोडी मागंपुढं करतो, तेवढ्यावर मोटरला दिशा मिळते. डबा गेला की दिशा गेली. मग झाडूने पातं उजवीकडे ढकला, पंखा उजवीकडे पळतो. थांबवून डावीकडे ढकला, डावीकडे. काका दोन्हीकडे पळवून दाखवतात. सोसायटीतली पोरं टाळ्या वाजवतात. कंडेन्सर बदलला जातो आणि काका विजयी मुद्रेने चहा घेतात.

घोटाळा होतो तो पंखा बंद न पडता नुसता मंदावला की. आमच्या हॉलमधल्या पंख्याचं तेच झालं होतं. पाचवर ठेवला तरी वारा दोनचा. काकांना बोलवायचं नाही असं आमच्या घरात ठरलं. ते ठरत असतानाच काका आले.

संशय त्यांनी बरोबर ठिकाणी घेतला. "कंडेन्सर बघू." वरची वाटी खाली सरकवली, कंडेन्सर काढला आणि त्याची परीक्षा घेतली. ही परीक्षा जुन्या लोकांची आणि जिवाला घातक. कोणी करू नये. कंडेन्सरच्या दोन वायरी प्लगमध्ये क्षणभर घालायच्या, काढायच्या आणि एकमेकींना टेकवायच्या. फट्ट करून निळी ठिणगी उडते. आमच्याकडेही उडाली. माझी मुलगी सोफ्यामागे गेली, काका हसले आणि त्यांनी निकाल दिला: "कंडेन्सर चांगला आहे."

या वाक्याने आमच्या घरात पुढचा सगळा अनर्थ घडवला. ठिणगी एवढंच सांगते की डब्यात अजून जीव आहे. किती आहे, ते सांगत नाही. पंख्याचा कंडेन्सर साधारण अडीच मायक्रोफॅरडचा असतो. उन्हाळे सोसून त्याची क्षमता हळूहळू उतरत जाते. अडीचचा दीड झाला तरी ठिणगी उडते, पोरं तितकीच दचकतात आणि पंखा मात्र रेंगाळतो. हे मोजायला मीटर लागतो. पण मीटरमध्ये आवाज नाही, ठिणगी नाही, प्रेक्षक नाहीत. मीटर नुसता आकडा दाखवतो, आणि आकडे वाचणं हे काकांच्या मते कारकुनी काम. स्टोअर्समध्ये त्यांनी आयुष्यभर तेच केलं, त्यामुळे मत तसं अनुभवाचं.

कंडेन्सर चांगला ठरला म्हणजे दोष दुसरीकडे. पंखा उतरवायचं ठरलं. काका पंखा उतरवतात तेव्हा घरातल्या प्रत्येकाला पद मिळतं. एक जण टेबल धरतो, एक मोबाईलची बॅटरी धरतो, एक वाटीत स्क्रू गोळा करतो, आणि एक "जपून, काका" म्हणतो. पुढचा अर्धा तास काका वरून फक्त एका शब्दाची वाक्यं बोलतात. "पाना." "पकड." "उजेड." "उजेड!" उजेड धरणाऱ्याला आपण वर बघत आहोत की मोबाईलमध्ये, हे त्या आवाजावरून कळतं.

पंखा खाली वर्तमानपत्रावर आला. काकांनी मोटर उघडली आणि पोरांना दाखवली. इतर मोटरीत मधला दांडा फिरतो आणि बाहेरचं अंग स्थिर राहतं. छताच्या पंख्यात दांडा स्थिर आणि बाहेरचं अंग पात्यांसकट फिरतं. हे त्यांनी इतकं छान समजावलं की चौथ्या मजल्यावरून आलेले एक निवृत्त प्राध्यापकही मान डोलवत राहिले. वाइंडिंग ठीक होतं, तांब्याची वेटोळी तांबूस, काळी कुठे नाहीत. मग बेअरिंग. ते काकांनी कानाशी नेऊन फिरवलं. आम्हालाही ऐकवलं. प्रत्येकाला वेगळं काहीतरी ऐकू आलं.

बेअरिंग आणायला काका पुण्यात गेले. चिंचवडमध्ये बेअरिंगची दुकानं नाहीत असं नाही, पण काकांच्या लेखी विजेची वस्तू म्हणजे बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. पूर्वी त्यासाठी लोकल आणि पायपीट होती. आता पिंपरीहून मेट्रोत बसून मंडईला उतरता येतं, त्यामुळे काकांच्या दुरुस्त्या वाढल्या आहेत. काकू म्हणतात, मेट्रो कोणासाठी बांधली ते त्यांना परवा कळलं. दुकानात काकांनी नंबर, आतलं भोक, बाहेरचा व्यास, सगळं सांगितलं. दुकानदाराने नंबरानंतरचं काही न ऐकता बेअरिंगं काउंटरवर ठेवली. शेजारच्या फळीवर अडीचचे कंडेन्सर रांगेने मांडलेले होते, शंभराच्या आतले. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. घरचा चांगला होता.

जोडणी दुसऱ्या दिवशी. बटण दाबलं आणि पंखा फिरला. टाळ्या पडायच्या आत बायको म्हणाली, "वारा येत नाहीये." पंखा उलटा फिरत होता. मोटरमधून तीन वायरी बाहेर येतात: एक दोघांची सामाईक, एक रनिंगची आणि एक स्टार्टिंगची. शेवटच्या दोघींची अदलाबदल झाली की मोटर उलटी धावते, आणि पात्यांचा कल ठरलेला असल्याने वारा खाली यायच्या ऐवजी छताला जातो. कोपऱ्यातलं जळमट आनंदाने हलत होतं. काका क्षणभरही गडबडले नाहीत. "परदेशात असंच फिरवतात थंडीत. तिकडे बटण असतं त्याला. वरची गरम हवा खाली येते." माहिती शंभर टक्के खरी. बाहेर एप्रिल होता.

वायरी बदलल्या. पंखा सुलटा फिरला, पण डुलू लागला. पाती तिन्ही तोलून, जुळवून एका संचात येतात. उतरवताना त्यांतलं एक आमच्या बेडरूमच्या पंख्याच्या पात्याशी बदललं गेलं होतं, कारण काकांनी 'तुलनेसाठी' तोही पंखा मध्येच उतरवला होता. काकांनी एका पात्याच्या पाठीवर काळ्या टेपने रुपयाचं नाणं चिकटवलं. डुलणं थांबलं. हा उपाय अडाणी वाटतो पण खरा आहे. तोल सुधारायला कंपन्याही पात्याला बारीक वजनं लावतात. मग काकांनी दांडीच्या बोल्टातली कॉटर पिन बघितली, तिची दोन्ही टोकं पकडीने नीट वाकवली आणि दोन्ही हातांनी पंखा खाली ओढून पाहिला. नट थरथरीने सैल होऊ शकतो, पिन नसेल तर बोल्ट निसटतो आणि चार-पाच किलोचं धूड खाली येतं. आमच्या घरी येऊन गेलेल्या पगारी इलेक्ट्रिशियनांपैकी पिनेकडे कोणीही बघितलेलं मला आठवत नाही. काका विसरत नाहीत. त्यांनी बसवलेला पंखा चालेल की नाही हे सांगता येणार नाही, पडणार मात्र नाही.

तर पंखा सुलटा होता, तोलात होता, नव्या बेअरिंगवर निःशब्द फिरत होता. आणि पूर्वीइतकाच हळू.

"व्होल्टेज," काका म्हणाले आणि खिडकीतून डीपीकडे पाहिलं.

शेवटी, काका काकूंच्या माहेरच्या कार्याला गेले असताना, कोपऱ्यावरचा एक विशीतला मुलगा आला. त्याने कानात गाणी चालू ठेवूनच कंडेन्सर काढला, मीटरला लावला, आकडा मला दाखवला: दीडच्या जरा वर. नवीन लावला. पंखा असा सुटला की टीपॉयवरची लाईटची बिलं स्वयंपाकघरात गेली. मुलाने पैसे घेतले आणि काही न शिकवता निघून गेला. ६२०२ चं आतलं भोक किती, हे त्याला बहुधा ठाऊक नसावं.

काका परतले. दारातूनच त्यांनी वारा अंगावर घेतला, वर पाहिलं आणि म्हणाले, "बघ! बेअरिंग बसायला चार दिवस लागतात." आम्ही कोणी काही बोललो नाही. पुरावा कचऱ्याच्या डब्यात होता आणि त्यावर बायकोने कांद्याची सालं टाकली होती.

हिशेब मांडायचा तर कंडेन्सरच्या किमतीच्या कितीतरी पट आमचं पोहे-चहावर गेलं. पण हिशेब मांडू नये. पंखा हॉलमध्ये पडून होता त्या काळात एरवी लिफ्टमध्येही न बोलणारी माणसं आमच्याकडे येऊन बसली. प्राध्यापक तर पंखा चालू झाल्यावर दोनदा विचारून गेले, "बाकी सगळं ठीक ना? मिक्सर वगैरे?"

काकांवर खरं संकट आलं ते मात्र गेल्या काही वर्षांत. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना वीजबचतीचं स्टार लेबल सक्तीचं झालं आणि त्याच सुमारास घरोघर बीएलडीसी पंखे येऊ लागले. काकांच्या मुलानेही हिंजवडीतून येताना असा एक आणला. जुना पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॅट खातो, हा तीसच्या आसपास. काकांनी कागदावर गणित केलं: सोळा तास चालला तर जुन्याचे जवळपास सव्वा युनिट, नव्याचं अर्धं. गणित त्यांना पटलं. मग त्यांनी विचारलं, "कंडेन्सर कुठाय याचा?" मुलगा म्हणाला, "नसतो बाबा, तसला नसतो. मॅग्नेट असतात आत, आणि सर्किट." "रेग्युलेटर?" तोही काढावा लागला, या पंख्याला सरळ पुरवठा हवा, वेग रिमोटवर. बोर्डावर रेग्युलेटरच्या जागी आता कोरी पट्टी आहे. काका येता-जाता तिच्यावरून बोट फिरवतात.

तो पंखा एकदा बंद पडला. काकांनी टेस्टर काढला, पुरवठा होता. हाताने फिरवला, सैल होता. झाडूने उजवीकडे ढकलला, डावीकडे ढकलला. पंखा दोन्हीकडे थोडा गेला आणि थांबला. प्रेक्षक जमले होते, पण सांगण्यासारखं काही निघेना. शेवटी कंपनीचा माणूस मोबाईलवर वेळ घेऊन आला, एक हिरवी पाटी काढली, दुसरी बसवली, फोटो काढला, गेला. पोह्यांना नाही म्हणाला.

"पंखा कसला," काका मला जिन्यात म्हणाले, "मोबाईल टांगलाय छताला."

सध्या ते इतरांच्या घरचे जुने पंखे जपण्याच्या मोहिमेवर आहेत. कोणी नवा घ्यायचं काढलं की त्याला थांबवतात. "लोखंड आहे, तांबं आहे, वीस वर्षं जाईल. नुसतं ऑइलिंग करू." आणि सोसायटीत अजूनही निम्म्याहून जास्त पंखे जुने असल्याने काकांना काम आहे. पुढच्या मोसमापर्यंत तरी आहे.

तुमच्याकडचा पंखा या उन्हाळ्यात मंदावला, तर त्याचं नुसतं बटण बंद करून भागवू नका. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर असतं आणि पंख्यात लाईट राहते. मेन किंवा एमसीबी पाडा. मग कंडेन्सरवर जो आकडा छापला असेल तोच आणा, ४४० व्होल्टचा. हात चालत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, पण कंडेन्सर मीटरवर मोजून घ्या. आणि तुमच्याही बिल्डिंगमध्ये काका असतील, असणारच, तर त्यांना काम झाल्यावर दाखवायला बोलवा आणि स्टूल तुमचं द्या. त्यांच्या घरातलं काकूंनी माळ्यावर टाकलं आहे, आणि माळ्यावर चढायला घरात दुसरं स्टूल नाही.